एक फाइल ठीक, चार उघडल्या की गोंधळ! व्हीएस कोडमधला दोषी प्लगिन असा शोधा

नांदेडचे एसजीजीएस असो की लातूरची अभियांत्रिकी कॉलेजे, सबमिशन जवळ आले की लॅपटॉपवर एकाच वेळी दहा-बारा फाइल उघड्या असतात. नेमका तेव्हाच प्लगिन बिघडतो. एकीतली चूक दुसरीत दिसते, सेव्ह करताच भलत्याच ओळी हलतात.

असे का होते? अनेकदा प्लगिन प्रत्येक फाइलची नोंद वेगळी ठेवत नाही, सगळ्यांची एकाच जागी ठेवतो. दुसरी फाइल उघडली की पहिलीचा हिशेब पुसला जातो. म्हणूनच एकच फाइल उघडून तपासले तर दोष सापडतच नाही.

आधी कोडची कॉपी काढून ठेवा. मग कंट्रोल, शिफ्ट, पी दाबून 'स्टार्ट एक्स्टेंशन बायसेक्ट' निवडा. एडिटर निम्मे प्लगिन बंद करून विचारतो, त्रास अजून आहे का? ३२ प्लगिन असले तरी साधारण ५-६ फेऱ्यांत दोषी हाती लागतो. प्रत्येक फेरीत त्याच फाइल त्याच क्रमाने उघडा, हे मात्र कटाक्षाने पाळा.

फॉरमॅटर आणि लिंटर दोघेही सेव्हच्या वेळी ओळी बदलत असतील, तर ही युक्ती फसू शकते. तिथे एकाचे काम बंद करावे लागते.

दोषी सापडला की तो फक्त त्या प्रोजेक्टपुरता बंद करता येतो. अपडेटनंतर बिघडला असेल, तर जुनी आवृत्ती बसवून पाहा.