घाट चढणारा नायट्रोजन

बेळ्ळंदूरमध्ये पाण्याखाली जायची गोष्ट काढली की ऐकणारा आधी हसतो. इथल्या तळ्याची कीर्तीच तशी आहे. २०१५ साली तळ्यावरच्या फेसाने पेट घेतला, २०१७ मध्ये पुन्हा आग लागली, २०१८ च्या जानेवारीत तर ती विझवायला लष्कराचे जवान आले. ज्यांनी गच्चीतून जळतं पाणी पाहिलंय त्यांना बुडी मारायचा मोह कसा व्हावा? पण होतो. आउटर रिंग रोडवरच्या कंपन्यांत नोकरी करणाऱ्या, पुण्या-नागपूर-कोल्हापूरहून इथे आलेल्या मंडळींत स्कूबाचं कार्ड बाळगणारे सहज भेटतात. शिकायचं शहरातल्या एखाद्या तरणतलावात आणि समुद्रातल्या बुड्या मारायच्या मुर्डेश्वरला, पुदुच्चेरीला नाहीतर अंदमानात, असा साधारण क्रम.

यातली गंमत तलावापासूनच सुरू होते. प्रशिक्षण देणाऱ्या संस्थांच्या हिशेबी समुद्रसपाटीपासून ३०० मीटरच्या वर कुठेही पाण्यात उतरलात की ती उंचावरची डाइव्ह ठरते, आणि तिचं गणित वेगळं. बेंगळूरु सुमारे ९०० मीटरवर आहे. म्हणजे छातीभर पाण्यात गुडघे टेकून, तोंडात रेग्युलेटर धरून पहिला श्वास घेणारा आणि तो खरोखर घेता आला म्हणून डोळे विस्फारणारा नवशिका शास्त्राप्रमाणे डोंगरावरच्या सरोवरात उतरलेला असतो. एवढ्याशा पाण्यात त्याने काही बिघडत नाही, म्हणून कोणी त्याला हे सांगतही नाही. उंचीचा हिशेब चुकता करावा लागतो तो समुद्राहून घरी परतताना.

कारण आपल्या अंगात हवा फक्त फुप्फुसात नसते. हवेचा ७८ टक्के भाग नायट्रोजन. शरीराला त्याचा काही उपयोग नाही, तरी तो रक्तात उतरतो आणि रक्तातून स्नायूंत, चरबीत, सांध्यांच्या कूर्चेत मुरत राहतो. किती मुरणार ते बाहेरचा दाब ठरवतो; हा नियम विल्यम हेन्री या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने १८०३ मध्ये मांडला. समुद्रकाठच्या धडधाकट माणसाच्या अंगात असा साधारण लिटरभर नायट्रोजन असतो. बेंगळूरात हवेचा दाब सुमारे एक दशांशाने कमी, म्हणून इथल्या रहिवाशाच्या अंगातला नायट्रोजनही मालवणच्या माणसापेक्षा तेवढाच कमी. शुक्रवारी रात्री बसमध्ये बसलेला बेळ्ळंदूरकर घाट उतरतो तेव्हा, पाण्याला पाय लागायच्या आधीच, झोपेत नायट्रोजन भरून घ्यायला लागलेला असतो.

किनाऱ्यावरच्या डाइव्ह शॉपमध्ये मात्र आधी विचारपूस होते. नव्या डाइव्हरकडे बहुधा ‘ओपन वॉटर’ हे पहिल्या पायरीचं कार्ड असतं. ते आयुष्यभर चालतं, याचा त्याला कोण अभिमान! दुकानदाराला तेवढ्याने भागत नाही. “शेवटची डाइव्ह कधी केलीत?” हा त्याचा खरा प्रश्न. उत्तर ‘गेल्या वर्षी’ असं आलं, तर चांगलं दुकान आधी उथळ पाण्यात नेतं, मास्कमध्ये पाणी भरून बाहेर काढायला लावतं, तोंडातून सुटलेला रेग्युलेटर शोधायला लावतं. जे दुकान हा प्रश्नच विचारत नाही, तिथे सामान भाड्याने घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

मग सामान. नेहमीच्या ॲल्युमिनियमच्या सिलिंडरात जेमतेम ११ लिटर पाणी मावेल एवढी पोकळी असते. तिच्यात कॉम्प्रेसर नेहमीच्या हवेच्या २०० पट दाबाने सुमारे २,२०० लिटर हवा कोंबतो. लोकांना वाटतं तो ऑक्सिजनचा सिलिंडर. असते ती साधी हवा, फक्त गाळलेली आणि कोरडी केलेली. म्हणून तर डाइव्हनंतर घसा सुकलेला असतो. या कोंबलेल्या हवेचं वजन भरतं अडीच किलोंच्या वर. हवेला वजन असतं हे शाळेत सगळेच शिकतात. ते पाठीवर घेऊन बोटीच्या हलत्या फळीवरून चालायची वेळ पाणबुड्यावर येते. डाइव्ह संपता संपता यातले दोनेक किलो श्वासावाटे निघून गेलेले असतात आणि हलका झालेला डाइव्हर आपोआप वर जाऊ बघतो. कमरेच्या पट्ट्यातलं शिसं त्या शेवटच्या पाच मिनिटांचा विचार करून घालायचं असतं. नवशिक्याला हे पटत नाही, कारण सुरुवातीला त्याला ते जड वाटतं.

नेत्राणी बेट मुर्डेश्वरपासून सुमारे १९ किलोमीटरवर आहे. एकेकाळी नौदल त्यावर तोफांचा नेम धरून सराव करायचं. आता तिथे माणसं प्रवाळ आणि मासे बघायला जातात. बोटीत बसून मागे पाहिलं की देवळाशेजारची शंकराची मूर्ती बराच वेळ दिसत राहते. तिची उंची १२३ फूट, म्हणजे सुमारे ३७ मीटर. ओपन वॉटर कार्डवाल्याला परवानगी १८ मीटरची. मूर्तीच्या निम्म्याइतकीसुद्धा खोली नाही! पण तेवढ्यात किती उलथापालथ होते पाहा.

पाण्यात दर १० मीटरला एका वातावरणाएवढा दाब वाढतो. १८ मीटरवर तो पृष्ठभागाच्या २.८ पट. रेग्युलेटर त्याच दाबाची हवा तोंडात देतो, नाहीतर छाती फुगवताच आली नसती. हे जमवून आणणारा पडदा १९४३ साली फ्रान्समध्ये जाक कुस्तो आणि एमिल गान्याँ यांनी बसवला. गान्याँ हा वायूंच्या कंपनीतला इंजिनिअर, आणि त्याचा मूळ व्हॉल्व्ह युद्धकाळात पेट्रोल मिळेना म्हणून मोटारी गॅसवर चालवण्यासाठी केलेला होता. तो पडदा खोलीप्रमाणे हवा दाट करून देतो, म्हणून १८ मीटरवरचा एक श्वास सिलिंडराला वरच्या जवळजवळ तीन श्वासांएवढा महाग पडतो.

लाल रंग पहिल्या काही मीटरांतच विरतो. खाली बोट कापलं तर रक्त हिरवट दिसतं. मास्कच्या काचेतून मासे तिनास चार या प्रमाणात मोठे दिसतात, म्हणून वर आल्यावर माशांच्या लांबीबद्दल कुणाचंच बोलणं मनावर घ्यायचं नाही. आवाज हवेतल्यापेक्षा चौपट वेगाने येतो. दोन कानांना तो इतक्या एकदम गाठतो की बोटीचं इंजिन नेमकं कुठे वाजतंय ते कळत नाही, सगळीकडून वाजतं. आणि सगळ्यांत अद्भुत म्हणजे शरीराचं वजन श्वासावर येतं. अर्धा लिटर जास्त हवा आत घेतली की पाणी आपल्याला अर्धा किलो जास्त जोराने वर उचलतं. प्रवाळाचा उंचवटा आला की खोल श्वास घ्यायचा, उतार लागला की सोडायचा. मुरलेला डाइव्हर हातपाय न हलवता असा तरंगत जातो. नवा डाइव्हर हात मारत राहतो, धापा टाकतो आणि अर्ध्या तासात सिलिंडर संपवतो.

ही धाप त्याच्या पथ्यावर पडते, ती अशी. वरच्या सगळ्या गोष्टी दिसतात, जाणवतात. मुरत चाललेला नायट्रोजन जाणवत नाही. शिकवण्याच्या प्रसिद्ध तक्त्यात १८ मीटरवर जास्तीत जास्त ५६ मिनिटं दिलेली आहेत. त्याहून जास्त मुरवला तर सरळ वर येता येत नाही. नवशिक्याची हवा त्याच्या कितीतरी आधी संपते, आणि तो न कळत सुरक्षित राहतो. पुढे श्वास सुधारला, हवा पुरायला लागली, की मग खरी काळजी सुरू.

मुरलेला वायू दाब कमी होताच बाहेर पडू पाहतो. गोटी सोड्याची बाटली फोडताना जे होतं तेच. बाटली हळूच उघडली तर वायू शांतपणे निघून जातो, एकदम उघडली तर बुडबुडे. शरीरातले बुडबुडे सांध्यांत दुखतात, मज्जारज्जूत झाले तर पाय लुळे पडतात. असा बुडबुडा पहिल्यांदा पाहिला रॉबर्ट बॉइलने, १६७० च्या सुमारास. त्याने हवा काढून घेतलेल्या भांड्यात एक साप ठेवला होता आणि सापाच्या डोळ्यात बुडबुडा हलताना दिसला. हा नायट्रोजनचा खेळ आहे हे दाखवून द्यायला १८७८ साल उजाडलं; ते काम पॉल बेअर या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाचं. मधल्या काळात पुलांचे पाये खोदणारे मजूर दाबाखालच्या पेट्यांतून वर येऊन कळवळत होते. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाचा मुख्य इंजिनिअर वॉशिंग्टन रोबलिंग १८७२ मध्ये यानेच कित्येक वर्षं अंथरुणाला खिळला.

किती हळू वर यायचं, याचं उत्तर शेळ्यांनी दिलं. लंडनमध्ये जॉन स्कॉट हॉल्डेनने शेळ्यांना दाबाच्या टाकीत ठेवून वेगवेगळ्या गतीने दाब उतरवला. जिच्या सांध्यात बुडबुडा अडकायचा ती शेळी पुढचा एक पाय उचलून धरायची. त्यावरून १९०८ साली त्याने पहिले भरवशाचे तक्ते छापले. त्याची खरी करामत अशी की त्याने शरीर एक मानलंच नाही. रक्ताचा भरपूर पुरवठा असलेले भाग काही मिनिटांत भरतात आणि काही मिनिटांत रिकामे होतात. चरबी, कूर्चा सावकाश भरतात आणि सावकाशच सोडतात. म्हणून त्याने कागदावर पाच शरीरं कल्पिली, प्रत्येकाचा वेग वेगळा.

या प्रयोगांच्या काळात त्याचा मुलगाही पाणबुड्याचा पोशाख चढवून समुद्रात उतरला होता, वय तेरा-चौदा. तोच पुढचा जे. बी. एस. हॉल्डेन, जो १९५७ मध्ये भारतात आला, इथला नागरिक झाला आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारला. दाबाच्या टाकीत स्वतःवर केलेल्या प्रयोगांत त्याच्या कानाचा पडदा फाटला. त्या कानातून आपण तंबाखूचा धूर सोडू शकतो, असं तो मजेत सांगायचा.

बापाच्या पाच शरीरांची पुढे सोळा झाली. हे काम झुरिकच्या आल्बर्ट ब्युलमानचं, आणि बेळ्ळंदूरच्या वाचकाने या माणसाचे आभार मानायला हवेत. स्वित्झर्लंडला समुद्र नाही. तिथले डाइव्हर डोंगरातल्या सरोवरांत उतरतात, म्हणून ब्युलमानला उंचीचा हिशेब पहिल्यापासून गणितात धरावा लागला. आज मनगटावर बांधायच्या कितीतरी डाइव्ह कॉम्प्युटरांत त्याचीच सोळा खाती मांडलेली असतात. सर्वांत चपळ खातं चार-पाच मिनिटांत अर्धं रिकामं होतं. सर्वांत आळशी खात्याला अर्धं रिकामं व्हायला ६३५ मिनिटं लागतात, म्हणजे साडेदहा तास.

आता बेळ्ळंदूरकराचं वेळापत्रक बघा. शनिवारी दोन डाइव्ह, रविवारी सकाळी दोन, दुपारी जेवण, रात्रीची बस, सोमवारी सकाळी स्टँड-अप मीटिंग. नियम पाठ असतो: विमानात बसायच्या आधी थांबायचं. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या संस्थेची शिफारस एका साध्या डाइव्हनंतर किमान १२ तासांची आणि लागोपाठच्या डाइव्हनंतर किमान १८ तासांची आहे. आपण तर बसने चाललोय, असं म्हणून मंडळी निर्धास्त असतात. पण शरीराला विमान कळत नाही, दाब कळतो. ती शिफारस ज्या उंचीसाठी आहे ती सुरू होते सुमारे ६०० मीटरपासून. बेंगळूरु त्याच्या बरंच वर आहे. रेल्वेने आलात तर सुब्रह्मण्य रोडहून पन्नासहून अधिक बोगदे ओलांडत गाडी सकलेशपूरला तेवढ्याच उंचीवर आणून सोडते. रविवारी शेवटची डाइव्ह संपवून बोटीवर परतलेला डाइव्हर मध्यरात्री घाट चढतो तेव्हा त्याचं आळशी खातं जेमतेम अर्धं उतरलेलं असतं.

विमानाच्या केबिनमध्ये दाब तीन चतुर्थांशापर्यंत उतरू शकतो, बेंगळूरात नऊ दशांशावर थांबतो. तेव्हा घाटाचा धोका विमानापेक्षा लहान, हे खरं. पण इथे माणूस पुन्हा खाली उतरत नाही. विमान दीड-दोन तासांत खाली येतं, बेंगळूरात घरी पोचलेला माणूस उंचीवर मुक्कामालाच असतो. सोमवारी खांदा दुखला तर तो बसच्या सीटला दोष देतो, डॉक्टरांना डाइव्हबद्दल सांगायचं त्याच्या डोक्यातही येत नाही. सांगावं. उपचार म्हणजे शुद्ध ऑक्सिजन आणि पुन्हा दाबाच्या टाकीत बसणं. वेळेवर झाला तर माणूस बहुधा ठणठणीत होतो. बेळ्ळंदूरहून फार लांब नाही अशा विमानपुरात हवाई दलाची इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिन १९५७ पासून आहे. तिथे वैमानिकांना बंद खोलीत बसवून हवा विरळ करत नेतात. पाणबुड्या आणि वैमानिक यांचा आजार एकच, एक खालून निघून त्याच्याकडे येतो आणि दुसरा वर चढून.

तेव्हा डाइव्ह सगळ्या शनिवारी उरकाव्यात. रविवारी सकाळी देऊळ बघावं, गोपुरावर लिफ्टने जावं, दुपारी आडवं व्हावं. मासे त्या दिवशी फक्त ताटात.