सरकारी दुष्काळी मदत : ती कोणास पोहोंचते व कोठें थांबते

सरकारनें दुष्काळ जाहीर केल्यावर खासगी वर्गणीची आवश्यकता काय, असा प्रश्न व्यापारी व जमीनदार गृहस्थ आम्हांस पुष्कळदां विचारितात. प्रश्न रास्त आहे. म्हणून सरकारी मदतीची रीत येथें थोडक्यांत विशद करितों.

पूर्वीं पीक आण्यांत मोजीत. सोळा आणे म्हणजे पूर्ण पीक. १९५७ सालीं दशमान नाणें आल्यावर आणेवारीची पैसेवारी झाली, आणि पीक पन्नास पैशांच्या आंत आलें म्हणजे त्या गांवीं टंचाई मानण्याचा प्रघात पडला. पुढें केंद्र सरकारच्या २०१६ च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेनें पर्जन्यमान, पिकांची स्थिति, जमिनींतील ओल व पाण्याचा सांठा ह्या कसोट्या लाविल्या. तदनुसार ३१ ऑक्टोबर २०१८ रोजीं महाराष्ट्रांतील १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. पैकीं ११२ तालुक्यांत तो गंभीर व ३९ तालुक्यांत मध्यम ठरला. त्यासरशी जमीन-महसुलांत सूट, शेतकर्जाच्या वसुलीस स्थगिति, शेतीपंपाच्या वीजबिलांत शेंकडा ३३.५ सवलत व विद्यार्थ्यांस परीक्षा-शुल्काची माफी मंजूर झाली. हें साह्य लहान नव्हे. परंतु सवलतीनें देणें कमी होतें वा लांबतें. घरांत दाणा येत नाहीं.

रोख मदतीचा मार्ग निराळा आहे. पिकाची हानि शेंकडा ३३ वा अधिक असल्यास, २०२२ ते २०२६ ह्या काळाकरितां ठरलेल्या दरानें, कोरडवाहू जमिनीस हेक्टरीं ८,५०० रुपये व तेही दोन हेक्टरांपर्यंतच देण्याचें ठरलें. म्हणजे पांच एकरांच्या खातेदारास फार तर १७,००० रुपये. ही रक्कम पुढील पेरणीच्या खर्चास हातभार म्हणून आहे. गेलेल्या पिकाची ती भरपाई नव्हे. छावणी उघडल्यास मोठ्या जनावरामागें दिवसास ८० व लहानामागें ४५ रुपये असाही दर त्याच वेळीं ठरला. परंतु पंचनामा, यादी, मंजुरी व बँक अशा पायऱ्या चढून पैसा येईपर्यंत कडबा संपतो, आणि बैलजोडी बाजारांत मातीमोलानें जाते. बैल गेलेल्या शेतकऱ्यास पुढें आलेल्या पैशानें पेरणी करणेंही कठीण होतें.

दुसरी उणीव अधिक खोल आहे. मदत सातबाऱ्यावरील नांवास मिळते. कायद्याच्या दृष्टीनें तें योग्यच आहे, कारण कागदावांचून सरकारी पैसा द्यावा कोणास? परंतु तोंडी करारानें शेत कसणाऱ्या वाटेकऱ्याचें नांव त्या कागदावर नसतें. बियाणें त्याचें, श्रम त्याचे, बुडालें तें त्याचें. आणि रक्कम मात्र मालकाच्या खात्यांत जमा होते. भूमिहीन मजुरास १९७७ च्या रोजगार हमी कायद्याचा आधार आहे खरा. पण जो वृद्ध वा आजारी आहे, ज्यास कुदळ उचलवत नाहीं, त्यास त्या आधाराचा उपयोग काय?

ह्या दोन उणिवा भरून काढणें हेंच आमच्या समितीचें काम होय. सरकारशीं स्पर्धा करण्याचा आमचा हेतु नाहीं. सरकारचा हात पोहोंचण्यापूर्वीं चारा द्यावा, आणि तो जेथें पोहोंचतच नाहीं तेथें धान्य व बियाणें द्यावें, एवढेंच आमचें मागणें आहे.

दात्यांनीं पहिली मदत चाऱ्याकरितां व ती विनाविलंब द्यावी. व्यापारी बंधूंनीं बियाण्याची उधारी पुढील सुगीपर्यंत व्याजावांचून चालवावी. आणि जमीनदार गृहस्थांस विशेष विनंति ही कीं, आपल्या खात्यांत सरकारी रक्कम जमा झाल्यास ज्यानें शेत पेरलें त्याचा वांटा त्यास काढून द्यावा. कायदा हें करावयास लावीत नाहीं. परंतु हिशेब लावतो. पुढील मृगांत तेंच शेत त्याच हातांनीं पेरलें जावें, अशी इच्छा असणाऱ्यानें तो हिशेब आजच पुरा करावा.