दोन मिली तेल आणि केसाएवढं भोक

घरच्या घरी होणारी एखादी अवघड दुरुस्ती बघून लिही, असं दिवाळी अंकाच्या संपादकांनी सांगितलं आणि मला साताऱ्याची मावसबहीण आठवली. ती ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर आहे. भाऊ आखातात नोकरीला गेला, तेव्हा त्याची जुनी चार सिलिंडरची मोटरसायकल ताडपत्रीखाली उभी राहिली. दोन पावसाळे गेले. आता गाडी बहीणच चालवणार आहे. इंजिन सुरू होतं, पण क्लच पूर्ण दाबून पहिला गिअर टाकला तरी गाडी पुढे उडी घेते आणि मग न्यूट्रल सापडत नाही. लिव्हर हाताला मऊ लागते. गल्लीतल्या मिस्त्रींनी लिव्हर एकदाच दाबून पाहिली आणि म्हणाले, "ताई, क्लचनं हवा घेतलीय."

आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांचा क्लच केबलवर चालतो. केबल तुटली तर कुठल्याही गावात मिळते, दहा-पंधरा मिनिटांत बसते. काही मोठ्या गाड्यांत, आणि या गाडीतही, केबलच्या जागी तेल असतं. १९८४ च्या होंडा गोल्डविंगमध्ये ते होतं, १९९९ साली आलेल्या सुझुकी हायाबुसातही होतं. मूळ तत्त्व सतराव्या शतकातल्या पास्कालचं. बंदिस्त द्रवावर एका जागी दाब दिला की तो सगळीकडे सारखा पोचतो. हँडलवरचा मास्टर सिलिंडर आणि इंजिनाजवळचा स्लेव्ह सिलिंडर यांच्यामध्ये तेल भरलेली नळी असते. स्लेव्हचा दट्ट्या मास्टरच्या दुप्पट व्यासाचा असेल तर जोर चौपट होतो आणि सरकण्याचं अंतर चौथा हिस्सा राहतं.

सगळी मेख त्या अंतरात आहे. स्लेव्ह जेमतेम दीड-दोन मिलिमीटर सरकतो. लिव्हर एकदा पूर्ण दाबली तर नळीतून दोन मिलीच्या आसपास तेल जातं. बहिणीने हे ऐकलं, कपाटातून सगळ्यात लहान सिरिंज काढली आणि माझ्यासमोर धरली. "दादा, एवढंच?" एवढंच. तेल दाबून आकसत नाही, हवा आकसते. दोन मिलीच्या व्यवहारात अर्धा मिलीचा बुडबुडा शिरला की लिव्हरची पाव चाल तोच गिळतो आणि क्लचच्या प्लेटा पूर्ण सुटत नाहीत.

हे तेल म्हणजे ब्रेकचंच, डॉट ४. मास्टरच्या झाकणावर तसं कोरलेलं होतं. ते वाचल्याशिवाय बाटली उघडू नये, कारण जुन्या केटीएमच्या मागुरा क्लचला मिनरल तेल लागतं. एकाच्या जागी दुसरं पडलं तर आतली रबरं फुगून निकामी होतात. डॉट ४ हवेतला ओलावा शोषून घेतं. ताजं तेल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, ३.७ टक्के पाणी मुरलं की हीच हमी १५५ वर येते. सातारचा पाऊस आणि दोन वर्षांची ताडपत्री. झाकण उघडलं तेव्हा आत कोऱ्या चहासारखं काळपट तेल होतं आणि तळाशी चिकट गाळ. झाकणाचे स्क्रूही सहज निघाले नाहीत. असे स्क्रू घाईत फिरवले की त्यांची डोकी खरवडतात. तिने स्टार स्क्रू ड्रायव्हर घट्ट बसवला, दांड्यावर हलकेच ठोकलं आणि मगच फिरवला.

मला ओढून घेतलं ते तिच्या हातांनी. पेट्रोलच्या टाकीवर ओला टॉवेल, शेजारी पाण्याचा मग, कारण हे तेल रंगावर पडलं तर रंग उचलतं. स्लेव्हच्या हवा काढायच्या निप्पलवर आठचा पाना, त्यावर सलाइनच्या सेटची पारदर्शक नळी आणि नळीचं टोक बाटलीतल्या तेलात बुडवलेलं. मी लिव्हर दाबून धरायची, तिने निप्पल पाव फेरा सोडायचं, नळीतून तेल आलं की बंद करायचं, मग ती "सोड" म्हणाली की मी सोडायची. क्रम चुकला तर निप्पलमधून हवा परत आत जाते. सलाइन लावण्याआधी ती रोज नळीतली हवा काढते. बुडबुडा दिसला की नळीवर नखाने टिचकी मारायची आणि तो वर जायची वाट बघायची, हे तिच्या बोटांत मुरलेलं आहे. इथेही ती तेच करत होती.

पण सलाइनची नळी सरळ लोंबते, क्लचची नाही. ती मास्टरमधून निघते, हँडलपाशी वर कमान घेते आणि मग खाली उतरते. हवा त्या कमानीत बसून राहते. आपण तिला खाली ढकलतो आणि दोन दाबांच्या मध्ये ती पुन्हा वर चढते. तिची खरी वाट वरचीच आहे, आणि ती जाते मास्टरच्या तळातल्या एका भोकातून.

तळात दोन भोकं असतात. मोठ्यातून तेल दट्ट्याच्या मागे उतरतं, ते पटकन दिसतं. दुसरं मला बॅटरी लावूनही आधी दिसलं नाही. लिव्हर सोडलेली असते तेव्हा हे बारीक भोक दट्ट्याच्या रबराच्या अगदी पुढे उघडं राहतं आणि नळी मास्टरवरच्या तेलाच्या टाकीला जोडलेली राहते. इंजिन तापून तेल फुगलं की जादा तेल इथूनच परत येतं. प्लेटा झिजल्या की पुशरॉड स्लेव्हला मागे ढकलतो, तेही तेल इथूनच वर चढतं. म्हणून ब्रेकच्या टाकीतली पातळी झिजेबरोबर उतरते आणि क्लचच्या टाकीतली चढते. कित्येक जण चढलेली पातळी बघून गोंधळतात. भोक बुजलं तर तेल परतू शकत नाही, क्लच अर्धवट दाबलेलाच राहतो आणि चढावर स्लिप मारतो. बाजारातली शोभेची लिव्हर लावली आणि तिने दट्ट्या केसभर आत ढकलून ठेवला, तरी हेच होतं. एवढ्या मोठ्या इंजिनाची ताकद चाकापर्यंत पोचायची की नाही, हे त्या भोकावर ठरतं. मी तिथून नजर काढू शकत नव्हतो.

आमचं भोक गाळाने बुजलं होतं. बहिणीने आधी सिरिंजने जुनं तेल ओढलं, गाळ कापसाने टिपला आणि शेजारच्या मुलाच्या गिटारची सगळ्यात बारीक तार मागून आणली. जोर न लावता, नुसती फिरवत ती भोकात घातली. नवं तेल भरून लिव्हर दोन-तीन मिलिमीटरच हलवत राहिली. पाचव्या-सहाव्या हालचालीला तळातून मोहरीएवढा बुडबुडा वर आला, मग दुसरा, मग बारीक माळच लागली. आम्ही दोघं टाकीवर वाकून अर्धा तास तेच बघत होतो.

लिव्हर निम्मी घट्ट झाली आणि तिथेच अडली. निप्पलच्या नळीत मात्र बुडबुडे थांबेनात. बाटली अर्धी संपल्यावर तिच्या लक्षात आलं की हवा आतून येत नाही, निप्पलच्या आट्यांमधून ओढली जातेय. आट्यांभोवती ग्रीस लावल्यावर नळी स्वच्छ झाली, तरी लिव्हर तशीच. मग उलटा प्रयोग. पन्नास मिलीच्या सिरिंजने निप्पलमधून तेल वर ढकलायचं, म्हणजे हवेला तिच्या वाटेनेच जाऊ द्यायचं. ती खालून दाबत होती, मी टाकी भरून सांडू नये म्हणून वरून दुसऱ्या सिरिंजने उपसत होतो. कमानीतली हवा एकदम भसकन आली आणि तेल माझ्या मनगटावर उडालं. तिने मगातलं पाणी आधी पेट्रोलच्या टाकीवर ओतलं, मग माझ्या हातावर. रात्री लिव्हर दाबून हँडलला बांधून ठेवली. दाबाखाली उरलेले बुडबुडे आकसून नळीच्या कडांपासून सुटतात आणि सकाळी लिव्हर सोडताच वर येतात, हा मिस्त्रींचा सल्ला.

सकाळी लिव्हर दगडासारखी घट्ट होती. पहिला गिअर बारीक 'टक' करून पडला, गाडी जागची हलली नाही. ती साताऱ्याच्या बोगद्यापर्यंत जाऊन आली तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा होता.

संध्याकाळी लिव्हर पुन्हा मऊ.

पुढच्या स्प्रॉकेटचं कव्हर काढलं. चेनचं ग्रीस आणि चिखल यांचा बोटभर थर स्लेव्हला लागलेला होता. तो पुसल्यावर कडेला ओल दिसली. तिने बोट लावून हुंगलं. इंजिन ऑइल नव्हतं. आतल्या रबराला पाणी मुरलेल्या तेलाने आणि गंजाने खाल्लं असणार. स्लेव्ह उतरवायचा तर त्यानंतर कुणी चुकूनही लिव्हर दाबायची नाही, दट्ट्या बाहेर उडतो. तिने चिठ्ठी लिहून लिव्हरला चिकटवली आणि पुण्याला नाना पेठेत रबर किटसाठी फोन लावला. किट आठवड्याने येणार होतं.

निघताना ती स्लेव्हखाली वर्तमानपत्राचा कोरा कडेचा तुकडा अंथरत होती. थेंब रात्रभरात एक पडतो की चार, हे तिला किट येण्याआधी मोजून ठेवायचं होतं.