खोकला नाही, तरी टीबी? लहान मुलांच्या पोटाचा टीबी

मी पिंपळनेरहून बोलतोय. ऑडिओ ऐकायला वेळ नसेल, तर आजचा भाग इथे वाचून काढा.

माझ्या मावसबहिणीचा मुलगा, वय आठ. दोन महिने त्याचं एकच, "माय, पोट दुखस." जंताची गोळी दिली, दृष्ट काढली. हातपाय काड्यांसारखे झाले, पोट मात्र पुढे आलं. शेवटी धुळ्याला सोनोग्राफी केली. पोटात पाणी आणि गाठी! पुढच्या तपासण्यांत कळलं, पोटाचा टीबी. आम्ही चक्रावलोच, कारण पोरगं एकदाही खोकललं नव्हतं.

खरी गडबड इथेच होते. टीबी म्हणजे खोकला, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. पण हे जंतू आतड्यात, पोटाच्या पडद्यात, गाठींमध्येही घर करतात. ते तिथे रक्तातून जातात, गिळलेल्या बेडक्यातून जातात, कधी निरशा दुधातूनही. म्हणून दूध उकळूनच प्यायचं.

आणि हा आजार सोंगं घेतो. कधी अपेंडिक्ससारखं उजवीकडे दुखतं, कधी आतडं अडून उलट्या होतात, कधी पोटात गोळा लागतो, कधी नुसते जुलाब आणि संध्याकाळचा बारीक ताप. छातीचा एक्स-रे अगदी स्वच्छ येऊ शकतो. एका तपासणीत निदान होईलच असं नाही. पोटातलं पाणी किंवा गाठीचा तुकडा तपासावा लागतो.

मग लागण कुठून झाली? डॉक्टरांनी विचारलं, "घरात कोणी खोकतं का?" आजोबा खोकायचे. आम्ही त्याला 'विडीचा खोकला' म्हणून सोडून दिलं होतं. त्यांचा बेडका तपासला, त्यात टीबी निघाला.

मुलाचं ताट वेगळं करू नका. नुसता पोटाचा टीबी सहसा दुसऱ्याला लागत नाही. औषध साधारण सहा महिने, सरकारी दवाखान्यात मोफत. बरं वाटलं तरी मध्येच सोडायचं नाही. निक्षय पोषण योजनेत नोव्हेंबर 2024 पासून महिन्याला 1000 रुपये खात्यात येतात. शंका असली तर 1800-11-6666 वर फोन करा, तो मोफत आहे.

लेकराचं वजन घटतंय, पोट फुगतंय, ताप येतोय, आणि दोन आठवडे झाले? मग डॉक्टरांना स्वतःहून विचारा, "टीबी तर नसेल ना?" आणि घरातल्या म्हाताऱ्याचा खोकलाही तपासून घ्या.

भेटू पुढच्या भागात!