डोळ्यात पाणी, दुखणं दाढेत

केंट (इंग्लंड) : सशाच्या सुजलेल्या डोळ्यांचा विषय निघाला की इथली ऐंशीच्या पुढची माणसं १९५३ सालाबद्दल बोलू लागतात. त्या वर्षी याच केंट परगण्यात, एडनब्रिजच्या आसपास, रानसशांमध्ये मिक्सोमॅटोसिस हा विषाणूचा रोग ब्रिटनमध्ये पहिल्यांदा आढळला. आदल्या वर्षी फ्रान्समध्ये आर्मां-देलिल नावाच्या डॉक्टरांनी आपल्या जमिनीवरच्या सशांचा बंदोबस्त करायला दोन सशांना हा विषाणू टोचून सोडून दिलं होतं. तिथून रोग युरोपभर पसरला आणि इंग्लिश खाडी ओलांडून इकडे आला. पापण्या सुजायच्या, डोळ्यांतून दुधासारखा पू यायचा, डोळे पुरते मिटायचे आणि आंधळा झालेला ससा रस्त्याच्या मधोमध बसून राहायचा. दोनेक वर्षांत देशातले ९५ टक्क्यांहून अधिक रानससे मेले. पिकं वाचावीत म्हणून काही शेतकरी आजारी ससे मुद्दाम आणून आपल्या रानात सोडत. तो हालहाल होऊन येणारा मृत्यू लोकांना बघवला नाही, आणि जाणूनबुजून आजारी सशाकरवी रोग पसरवणं १९५४च्या कायद्याने गुन्हा ठरलं.

रोग गेलेला नाही. पिसवा आणि डास तो एका सशाकडून दुसऱ्याकडे नेतात. म्हणून घराबाहेर पाऊलही न टाकणाऱ्या पाळीव सशालाही दरवर्षी लस देतात. २०२० पासून ती एकाच टोचणीत मिळते आणि सशांच्या रक्तस्रावी रोगाच्या दोन्ही प्रकारांपासूनही संरक्षण देते. दोन्ही डोळे सुजलेला, लस न घेतलेला ससा दिसला की इथला व्हेट (पशुवैद्य) आधी या रोगाची शंका घेतो.

पण लस घेतलेल्या सशाचा एकच डोळा पाणावला, तर?

आमच्या गल्लीत साताऱ्याकडचं एक कुटुंब राहतं. घरमालक कुत्रा ठेवू देईना, तेव्हा लेकीच्या हट्टापायी घरात ससा आला. एका संध्याकाळी तिच्या आईचा फोन आला. “ताई, याचा उजवा डोळा सारखा ओला दिसतोय. खालचे केस चिकटलेत. आमच्या आई म्हणतात गुलाबपाणी घाल. घालू का?”

“काहीही घालू नकोस. खातोय का तो?”

“गवताला तोंड लावत नाही. मऊ खाणं तेवढं खातो.”

तिच्या या उत्तरातच निदान होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी त्याला घेऊन गेलो. व्हेटबाईंनी डोळ्याकडे एक नजर टाकली आणि आधी जबड्याच्या कडेवरून बोट फिरवलं. मग कानात पाहायचं उपकरण तोंडात घालून दाढा पाहिल्या. त्यानंतर डोळ्यात रंगाचा थेंब टाकून निळ्या उजेडात तपासलं. बुबुळावर व्रण असता तर तो हिरवा चमकला असता. व्रण नव्हता. मग डोळा बधिर करून खालच्या पापणीतल्या छिद्रात बारीक नळी सरकवली आणि सलाईन सोडलं. नाकपुडीतून पांढरा, साईसारखा पू बाहेर आला. लेकीची आई दचकली, व्हेटबाई मात्र खूश झाल्या. वाट मोकळी झाली होती.

माणसाच्या प्रत्येक डोळ्याला अश्रू वाहून नेणारी दोन छिद्रं असतात, सशाला एकच. तिथून निघालेली नलिका नाकाकडे जाताना वरच्या दाढांच्या आणि पुढच्या दातांच्या मुळांना लगटून जाते, वळते आणि अरुंद होते. सशाचे सगळे दात जन्मभर वाढतात; पुढचे तर आठवड्याला दोन-तीन मिलिमीटर. गवत खरखरीत असतं, ते तासन्‌तास आडवं रगडून खावं लागतं, आणि त्यातच दाढा झिजतात. मऊ गोळ्या आणि रंगीत दाण्यांचं मिश्रण खाणाऱ्या सशाच्या दाढा झिजत नाहीत. तोंडात वाढायला जागा संपली की मुळं उलट दिशेने, हाडात रेटली जातात. नलिका दबते, अश्रू साचतात, त्यात जंतू वाढतात आणि पाणी गालावर ओघळतं. त्या सशाच्या एक्स-रेमध्ये ती लांबलेली मुळं स्वच्छ दिसली. ती पुन्हा आखूड होत नाहीत. नलिका अधूनमधून धुवावी लागणार, हे त्या माउलीला तिथेच सांगण्यात आलं. रोज सशाच्या अंगाएवढा वाळल्या गवताचा ढीग, थोडा हिरवा पाला आणि चमचाभर गोळ्या, असा नवा आहार ठरला.

सगळीच दुखणी दातांची नसतात. गवताचं कुसळ किंवा जोडीदाराचं नख लागून बुबुळावर व्रण पडतो. तेव्हा ससा डोळा अर्धवट मिटून बसतो, उजेड टाळतो. बुबुळामागे पांढरा ठिपका किंवा गोळा दिसला तर तो पोटात असताना आईकडून आलेल्या एन्सेफॅलिटोझून या सूक्ष्म परजीवीचा परिणाम असू शकतो. हाच परजीवी मेंदूत गेला की सशाची मान वाकडी होते. एक डोळा पुढे आला असेल तर बहुधा मागे दाढेच्या मुळाचं गळू असतं, आणि सशाचा पू चीजसारखा घट्ट असल्याने नुसता उपसून निघत नाही. अशा डोळ्यासाठी तासांचा हिशेब करावा लागतो, दिवसांचा नव्हे.

इथली व्यवस्था मला अनेक बाबतींत पटते. २००६च्या प्राणिकल्याण कायद्याने प्राण्याला वेदना आणि आजारापासून जपण्याची जबाबदारी पाळणाऱ्यावर टाकली आहे. व्यवसायात असलेल्या प्रत्येक व्हेटला रात्री-अपरात्री प्रथमोपचाराची आणि वेदनाशमनाची सोय करावीच लागते. प्राण्यांसाठीचे प्रतिजैविकाचे थेंब व्हेटच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत. या शेवटच्या नियमाचं महत्त्व मला घरात असतील ते थेंब डोळ्यात घालायची आपल्याकडची सवय आठवून जास्त जाणवतं. स्टेरॉइड असलेले थेंब व्रणावर पडले तर व्रण खोल जातो, प्रसंगी डोळा फुटतो. माणसासाठी आणलेली, कपाटात उरलेली बाटली सशासाठी उघडू नये, ती याचसाठी.

खर्च मात्र जिव्हारी लागतो. माणसांची सरकारी आरोग्यसेवा प्राण्यांना नाही. विमा नसेल तर भुलीतली दातांची एक शस्त्रक्रियाही महिन्याचं गणित मोडते. १९१७ साली मारिया डिकिन यांनी लंडनच्या व्हाइटचॅपल भागात गरिबांच्या प्राण्यांसाठी दवाखाना काढला. त्यातून उभी राहिलेली पीडीएसए ही संस्था आजही अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांना आधार देते. तरी पैशाअभावी उपचार लांबवणारी माणसं मी पाहते आणि वाईट वाटतं. पाळीव प्राण्यांच्या दवाखान्यांचे दर आणि बड्या कंपन्यांची त्यातली मालकी यांची इथल्या स्पर्धा आणि बाजार प्राधिकरणाने २०२४ मध्ये रीतसर चौकशी सुरू केली, ती उगीच नाही.

पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये ससा पाळणाऱ्यांना एवढंच कळवते. भक्ष्य म्हणून जगणारा हा प्राणी दुखणं लपवतो, म्हणून रोज दोन्ही डोळे शेजारी-शेजारी ताडून पाहा. ओल असेल तर उकळून गार केलेल्या पाण्यात कापूस भिजवून हलकेच पुसा. चोळू नका, आत काही घालू नका. खाणं किंवा लेंड्या थांबल्या तर सकाळची वाट पाहू नका, त्याची आतडी थंडावताहेत. आणि डॉक्टरांकडे गेल्यावर तो काय खातो, गवत कधीपासून सोडलं, पाणी कोणत्या डोळ्याला येतं, हे आपणहून सांगा, आणि मागच्या दाढाही पाहायची विनंती करा.