पऱ्हाटीच्या अंगी धातू धरण्याची कला

झरी-जामणी तालुक्यातल्या मुकुटबनच्या जमिनीखाली चुनखडक आहे. पन्नास कोटी वर्षांहून जुन्या समुद्रात साचलेल्या या खडकाचं आज सिमेंट होतं. वर शेतांत कापूस पिकतो. शेवटची वेचणी आटोपली की पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची उरलेली झाडं, उपटायच्या. काही चुलीत जातात, काही धुऱ्यावरच पेटवल्या जातात. खडकात आणि पऱ्हाटीत एक गोष्ट सारखी आहे, ती म्हणजे कॅल्शियम. दूषित पाण्यातून शिसं, कॅडमियम, तांबं वेचून काढण्याची पऱ्हाटीची किमया समजून घ्यायला इथूनच सुरुवात करावी.

झाडाच्या पेशी एकमेकींना धरून कशा राहतात? त्यांच्या भिंतींत पेक्टिनच्या लांब साखळ्या असतात आणि साखळ्यांवर ऋण प्रभाराचे कार्बोक्सिल गट. मुळांनी मातीतून आणलेल्या कॅल्शियमवर दोन धन प्रभार असतात, म्हणून ते दोन साखळ्यांच्या मधे बसून दोन्ही बांधून ठेवतं. शिशाच्या आयनावरही दोनच धन प्रभार, पण त्याची पकड जास्त घट्ट. शिसं आलं की कॅल्शियम जागा सोडून पाण्यात उतरतं आणि शिसं तिथे बसतं. नवल असं की यासाठी झाड जिवंत असावं लागत नाही. वाळलेल्या काडीचा भुसाही हे काम करतो.

मात्र कच्च्या भुशात अशा जागा कमी असतात, शिवाय त्याचा रंग पाण्यात उतरतो. म्हणून रसायनशास्त्रज्ञ त्याला आधी कॉस्टिक सोड्याने धुतात, मग लिंबातल्या सायट्रिक आम्लात भिजवून सुमारे १२० अंश सेल्सियसला तापवतात. या आम्लाला जणू तीन हात असतात. एका हाताने ते सेल्युलोजला कायमचं धरतं, उरलेले दोन धातूसाठी मोकळे राहतात.

नेमकं किती शिसं काढायचं असतं? पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार (आयएस १०५००) लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त शिसं चालत नाही. म्हणजे दहा हजार लिटरच्या दहा टँकरांत मिळून फक्त एक ग्रॅम! इतक्या विरळ धातूला हुडकून धरणं हे या भुशासमोरचं खरं आव्हान आहे.

पाणी फार आम्लधर्मी असेल तर हायड्रोजनचे आयनच जागा अडवतात. याच गुणाचा उलटा उपयोगही होतो: भरलेला भुसा सौम्य आम्लाने धुतला की धातू सुटतो आणि भुसा पुन्हा वापरता येतो. क्रोमियमच्या क्रोमेट या रूपावर मात्र ऋण प्रभार असतो. त्याच्यासाठी भुशावर धन प्रभाराचे गट बसवावे लागतात.

धातू नष्ट होत नाही, तो फक्त जागा बदलतो. धुवणाचं ते आम्ल नाल्यात सोडलं तर सगळी मेहनत वाया. विहिरीत पऱ्हाट्या टाकून पाणी शुद्ध होणार नाही, उलट सडेल. आणि चुनखडकातून झिरपलेल्या पाण्यात कॅल्शियम मुबलक असतं. ते जागांसाठी शिशाशी झुंजतं. म्हणून प्रयोगशाळेतल्या शुद्ध पाण्यावर मिळालेलं यश पुरेसं नाही. मुकुटबनसारख्या गावच्या जड पाण्यात जो भुसा टिकेल, तोच खरा. ही परीक्षा इथेच, याच पऱ्हाटीवर व्हायला हवी.