मेंडोझा ते सँतियागो : द्राक्षवेलींच्या वाटेने

अर्जेंटिना आणि चिली या दोन देशांची सरहद्द अँडीज पर्वताच्या माथ्यावरून गेलेली असून, त्या पर्वताच्या पूर्व पायथ्याशी वसलेल्या मेंडोझा शहरातून चिलीची राजधानी सँतियागो येथे मोटारीने जाणाऱ्या प्रवाशास सुमारे साडेतीनशे किलोमीटरांच्या अंतरात दोन विख्यात द्राक्षप्रदेश आणि त्यांच्यामधील प्रचंड गिरिप्राकार यांचे दर्शन घडते. हा पर्वत दोन मुलूख वेगळे करतो हे तर खरेच. परंतु दोन्हीकडील द्राक्षवेलींचे भाग्यही त्यानेच घडविले आहे.

मेंडोझाच्या परिसरात वर्षाकाठी जेमतेम 200 मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तरीही तेथे दृष्टी पोहोचेल तेथवर द्राक्षमळे पसरलेले दिसतात, याचे श्रेय अँडीजवरील वितळत्या बर्फाला आणि स्पॅनिश लोक येण्यापूर्वीच त्या पाण्याला वळण लावणाऱ्या हुआर्पे या मूळ रहिवाशांना द्यावयास हवे. शहरालगतच्या लुहान दे कुयो भागातील बोदेगांमध्ये, म्हणजे मद्यनिर्मितीच्या कारखान्यांमध्ये, पाहुण्यांना तळघरातील ओकची पिंपे दाखवून निरनिराळ्या मद्यांचे चार-चार घोट चाखावयास देतात. त्यांत अग्रमान असतो तो गडद जांभळ्या मालबेकचा. ही द्राक्षाची जात मूळची फ्रान्सची. चिलीत काम करीत असलेल्या मिशेल एमे पुजे या फ्रेंच कृषितज्ज्ञाने 1853 साली मेंडोझात स्थापन झालेल्या कृषिशाळेची धुरा स्वीकारली आणि मालबेकसह फ्रेंच वेलींची रोपे तेथे रुजविली. म्हणजे मेंडोझाच्या कीर्तीचे बीज याच पर्वताच्या पलीकडून आले.

पुढे 7 क्रमांकाचा राजमार्ग उस्पायाता गावावरून चढू लागतो. याच वाटेने 1817 साली स्वातंत्र्यसेनानी सान मार्तीन यांच्या सैन्याची एक तुकडी चिलीच्या मुक्तीसाठी गेली होती. उजव्या हातास 6,961 मीटर उंचीचा आकोंकाग्वा दिसतो, आणि त्यानंतर सुमारे तीन किलोमीटर लांबीच्या बोगद्यात, प्रवाशाच्या नकळत, एक देश संपून दुसरा सुरू होतो. बोगद्याच्या वर, जुन्या खिंडीत, येशू ख्रिस्ताचा पुतळा उभा आहे. सीमेच्या तंट्यावरून युद्धाच्या उंबरठ्यावर आलेल्या या दोन राष्ट्रांनी समेट केल्यानंतर 1904 साली तो तेथे उभारण्यात आला.

बोगद्यापलीकडील चिलीच्या नाक्यावर मात्र खरी परीक्षा होते. पारपत्र, मोटारीचे दस्तऐवज आणि भाड्याची मोटार असल्यास सरहद्द ओलांडण्याचा परवाना पाहून झाल्यावर कृषिखात्याचे अंमलदार सामानाची झडती घेतात, आणि मद्याच्या बाटल्यांना ठरलेल्या मर्यादेत मुभा देणारे हेच अंमलदार ताज्या द्राक्षांच्या एका घोसालाही सक्त मज्जाव करतात. हे विसंगत वाटेल. पण आंबवून बाटलीबंद केलेल्या रसातून कीड जात नाही, फळातून जाऊ शकते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फायलोक्सेरा नावाच्या, वेलीची मुळे शोषणाऱ्या सूक्ष्म किड्याने युरोपातील द्राक्षमळे उद्ध्वस्त केले, तेव्हा तेथील बागाईतदारांना अमेरिकन वेलींच्या मुळांवर कलमे बांधावी लागली. चिलीला मात्र उत्तरेस वाळवंट, पश्चिमेस महासागर आणि पूर्वेस अँडीज यांचे संरक्षण लाभले. म्हणूनच तेथील कित्येक वेली आजही स्वतःच्याच मुळांवर उभ्या आहेत. त्या उत्पातानंतर फ्रान्समधील बोर्दोतून जवळजवळ नामशेष झालेली कार्मेनेर ही जात चिलीत मेर्लो समजून पिढ्यान्‌पिढ्या जोपासली जात होती. 1994 साली फ्रेंच तज्ज्ञ झाँ-मिशेल बुर्सिको यांनी मायपो खोऱ्यातील एका मळ्यात तिची खरी ओळख पटविली.

नाक्यानंतर नागमोडी घाट उतरून गाडी आकोंकाग्वाच्या खोऱ्यात येते. तेथील पान्केवे गावी 1870 साली स्थापन झालेला एर्रासुरिस यांचा कारखाना आहे. कार्मेनेरचा पहिला घोट येथे घ्यावा. अर्थात, ज्याच्या हाती सुकाणू आहे त्याने घोटाचा मोह आवरावा, कारण दोन्ही देशांचे कायदे याबाबतीत कठोर आहेत आणि घाट त्याहूनही कठोर आहे.

सरहद्दीवरील रांगेत ताटकळताना प्रवासी साहजिकच कंटाळतो. पण ज्या वेली आपल्या मायदेशात मेल्या त्या येथे जगल्या, आणि त्या पुढेही जगाव्यात यासाठीच ही झडती आहे, हे ध्यानी घेऊन पिशवीतली फळे त्याने आपण होऊन अंमलदाराच्या स्वाधीन करावीत, यातच त्या भूमीचा खरा आदर आहे.